घरची पट्टी

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाचा निम्मा जन्म वाट बघण्यात जातो. ऑटोक्लेव्ह थंड व्हायची वाट बघा, प्लेटमधलं अगार, म्हणजे जंतूंचं जेलीसारखं अन्न, घट्ट व्हायची वाट बघा, इन्क्युबेटरमध्ये जंतू वाढले का नाही ते कळायला दुसऱ्या दिवसाची वाट बघा. हात रिकामे राहिले की तोंड चालू होतं आणि तोंड चालू झालं की किस्से साठत जातात. आमच्याकडं पेपर कमी आणि किस्से जास्त अशी अवस्था आहे. हे मी सरांसमोरसुद्धा बोलून दाखवलंय, मागनं बोलायची सवय नाही मला.

पण एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली डोंबलाची! आमच्या लॅबचा कुठलाही किस्सा सांगायला घ्या, तो फिरून फिरून अश्विनीच्या वडलांच्या पायापाशी येतो. पाय राहतो का जातो, एवढ्या एका प्रश्नावर आमचं ते सगळं वर्ष गेलं. त्यामुळं आधीच सांगून ठेवते. हसायचं तिथं हसा, पण बेतानं हसा.

माणसं मोजकीच. गाडेकर सर हे आमचे गाइड. सिल्लोडचा इम्रान, ज्याचं तोंड त्याच्या हातापेक्षा जोरात चालतं. अश्विनी, फुलंब्रीच्या अलीकडच्या एका खेड्यातली, रोज एस.टी.नं संभाजीनगरला ये-जा करणारी. आणि मी, लॅबमधली सगळ्यात जुनी. माझी पीएच.डी. कधी होणार असं विचारणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही.

काम म्हणाल तर असं. कोळंबीच्या टरफलापासून कायटोसान नावाची पावडर निघते. ती विरघळवायची, त्यात चांदीचे आणि झिंकचे कण घालायचे, इतके बारीक की आमच्या मायक्रोस्कोपखालीसुद्धा दिसत नाहीत. ते मिश्रण बशीत ओतून वाळवलं की पापडासारखा पातळ पापुद्रा सुटून येतो. आम्ही त्याला नॅनोकॉम्पोझिट फिल्म म्हणतो. अश्विनी घरी सांगताना 'जंतू मारायची पट्टी' म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तेच नाव जास्त चांगलं आहे.

*

पहिला किस्सा सरांच्या बाटलीचा.

सरांचा धातूंवर भारी विश्वास. टेबलावर कायम तांब्याची बाटली. नवीन पोरं आली की ती बाटली उचलून दाखवायची आणि तांब्यानं जंतू कसे मरतात यावर तासभर लेक्चर द्यायचं. अश्विनी नवीन होती तेव्हा सरांनी तिला हात बसावा म्हणून सांगितलं, मिळेल तिथलं पाणी घे आणि प्लेटवर टाकून बघ. आमच्या शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही, तेव्हा मिळेल तिथलं पाणी म्हणजे टाकीतलं, जारमधलं आणि लोकांच्या बाटल्यांतलं. पोरीनं सगळीकडचं घेतलं.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या प्लेटवर थोडे जंतू, जारच्या प्लेटवर त्याहून थोडे जास्त. आणि एक प्लेट अशी भरलेली की मध्ये सुई ठेवायला जागा नाही. सरांनी ती उजेडात धरली, लई खूश झाले. म्हणाले, हे बघा, अस्वच्छता म्हणजे काय ते बघून घ्या, कुणाचं पाणी आहे हे?

"तुमचं, सर. तांब्याच्या बाटलीतलं."

इम्रान लगेच सिंककडं तोंड करून भांडी घासायला लागला. बाटली आतून कधी घासलेलीच नव्हती, तांब्यावर शेवाळासारखा थर बसलेला. सरांनी प्लेट खाली ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण लेबल काढून टाक."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं, ही पोरगी जे दिसेल ते सांगणार, समोर कुणी का असेना. मला ती त्या दिवसापासून आवडते.

*

अश्विनीच्या वडलांना आम्ही सगळे दादाच म्हणायचो. एस.टी.त ड्रायव्हर होते, सिल्लोडच्या गाडीवर आयुष्य काढलेलं. रिटायर झाल्यावर एकदा लॅब बघायला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजव्या पायाला बँडेज. चपला दाराबाहेर काढून उभे. सरांना हात जोडून "जय भीम" म्हणाले आणि तसेच अनवाणी आत यायला निघाले.

मी ओरडलेच. म्हटलं, दादा, हे जंतूंचं घर आहे, आधी चप्पल घाला! ते ओशाळले. म्हणाले, शिकायच्या जागेत चप्पल घालून यायला कसंतरी वाटतं. मग घातली.

इम्राननं सांगितलं की तो लहानपणी त्यांच्याच गाडीनं शाळेत जायचा. दादांनी त्याला नीट निरखून बघितलं आणि विचारलं, गाडी थांबावी म्हणून रस्त्याच्या मधोमध उभं राहणारा तूच का तो? तर तोच होता. तेव्हापासून इम्रान त्यांचा झाला.

पायाचं असं झालेलं. दादांना शुगर. शुगरनं पायातली जाण गेलेली. तळव्यात खिळा घुसला तो कळलाच नाही, मोजा ओला लागला तेव्हा कळलं. तेव्हापासून ती जखम भरायचं नाव घेत नव्हती.

अश्विनीनं त्यांना प्लेट दाखवली. पांढुरका थर म्हणजे वाढलेले जंतू, मध्ये ठेवलेला बारीक तुकडा म्हणजे तिची पट्टी, आणि पट्टीभोवती गोल मोकळी जागा, तिथं जंतू मेलेले. दादा ते गोल बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या पायातले पण असेच मरतील का, माय?"

"मरतील, दादा."

सर तेव्हा शेजारच्या खोलीत होते. ते असते तर 'बघू' म्हणाले असते. आमच्या धंद्यात 'बघू'च म्हणायचं असतं. पण तिच्यासमोर तिचा बाप होता, आणि ती 'मरतील' म्हणून गेली.

*

मग अश्विनीनं पायाच्या जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेऊन लॅबमध्ये आणला. आणला कशात? भाकरीच्या डब्याच्या पिशवीत! नळी बंद होती, नीट होती, पण म्हणून काय झालं? मी तिला अशी झापली की तिनं त्या दिवशी भाकरी खाल्लीच नाही. नंतर मलाच वाईट वाटलं, माझ्या डब्यातली पोळी दिली तिला.

त्या पुवातून जो जंतू वाढला त्याचं नाव आम्ही डी-वन ठेवलं. डी म्हणजे दादा. प्लेटवर हिरवा-निळा रंग सोडायचा आणि झाकण उघडलं की पिकलेल्या द्राक्षांसारखा गोड वास यायचा. इतकी वाईट गोष्ट आणि वास असा! मला तेव्हापासून द्राक्षं नको वाटतात.

त्याच्यावर आम्ही बाजारात मिळणाऱ्या औषधांच्या टिकल्या ठेवल्या. सकाळी बघतो तर प्रत्येक टिकलीच्या कडेला चिकटून हा वाढलेला. दादांना डॉक्टरांनी जी इंजेक्शनं दिली होती ती औषधंसुद्धा त्यात होती. इम्रान म्हणाला, "ये तो सब खा के बैठा है." सर प्लेट हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि तिथंच उभे राहिले.

मग अश्विनीनं डी-वनच्याच दुसऱ्या ताज्या प्लेटवर आपली पट्टी ठेवली. सकाळी पट्टीभोवती मोठं, स्वच्छ गोल. ती रडली तेव्हा. मीपण रडले, कशाला खोटं बोलू.

*

त्याच सुमाराला दादांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन बोटं काढावी लागतील. आत्ता बोटं काढली तर पाऊल वाचेल, उशीर केला तर वरपर्यंत जावं लागेल. अगदी स्पष्ट सांगितलं, चांगले डॉक्टर होते ते.

दादा म्हणाले, नाय काढायची. आमची पट्टी येतीय.

डॉक्टरांना वाटलं काहीतरी नवीन ड्रेसिंग बाजारात आलंय आणि आपल्याला माहीत नाही. त्यांनी विचारलं, कोणत्या कंपनीची?

"कंपनीची नाय, डॉक्टर. घरची हाय."

अश्विनीनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा इम्रान खो खो हसला, मीपण हसले. तीपण हसत होती, पण हसता हसता खाली बसली. तिनं दादांना घरी दहादा सांगितलं होतं की पट्टीला वेळ आहे, आधी ऑपरेशन करून घ्या. आणि दादा दहाही वेळा म्हणाले होते की पोरगी शिकलेली असून भिती, म्हणून असं बोलती. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. घराच्या ओट्यावर बसून, पाय वर ठेवून, येईल त्याला सांगायचे, माझी अशू औषध बनवायलीय, माझ्याच पायापासून सुरुवात व्हणारंय.

*

अश्विनी सरांकडं गेली. एक पट्टी घरी नेऊ का, एवढंच विचारलं.

सर नाही म्हणाले. आधी काचेतल्या पेशींवर बघायचं, मग उंदरांवर, मग समितीची परवानगी, मग माणूस. चांदीचे इतके बारीक कण उघड्या जखमेतून रक्तात गेले तर पुढं काय होतं हे आपल्याला माहीत नाही. शुगरच्या माणसात तर अजिबातच माहीत नाही. एकेक पायरी सरांनी समजावून सांगितली, आवाज न चढवता.

"आणि दादा, सर?"

सर त्या दिवशी लवकर घरी गेले. सर बरोबर होते आणि मला त्यांचा संताप आला होता, दोन्ही खरं आहे.

पट्ट्या आमच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल लागू न देणाऱ्या काचेच्या भांड्यात असायच्या. डेसिकेटरला ना कुलूप ना काही, काचेचं झाकण उचललं की झालं. ती रोज त्यातनं पट्ट्या काढायची, कापायची, परत ठेवायची. संध्याकाळी घरी गेली की दादा विचारायचे, आज आणली का? तरी तिनं एकही नेली नाही. मी असते तर नेली असती.

इम्राननं मात्र पराक्रम केला. काचेचा तुकडा लागून त्याचं बोट कापलं, तर पठ्ठ्यानं सरळ पट्टी कापून बोटाला गुंडाळली. सरांनी बघितलं तेव्हा ते इतके चिडले की मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. पण बोट बरं झालं! इम्रान ते बोट सगळ्या डिपार्टमेंटला दाखवत फिरला. अश्विनीचा चेहरा उजळला. मला राहवलं नाही. म्हटलं, इम्रान, तुझं बोट हळद लावून पण बरं झालं असतं, आणि काही न लावता पण. तू चोवीस वर्षांचा घोडा आहेस, तुला शुगर नाही.

अश्विनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून बाहेर गेले. कधी कधी मी गप्प बसायला पाहिजे.

*

आता जो सांगते तो आमच्या लॅबच्या इज्जतीचा किस्सा आहे. बाहेर फार बोलू नका.

अश्विनीचं सेमिनार होतं. बाहेरून एक बाई आल्या होत्या, बारीक आवाजाच्या, शांत. अश्विनीनं छान मांडलं. मोठी मोठी गोलं पडद्यावर दाखवली, डी-वनचं गोल सगळ्यात शेवटी. टाळ्या झाल्या. मग बाईंनी विचारलं, कायटोसान कशात विरघळवलं?

अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये. ते पाण्यात विरघळतच नाही.

"मग नुसत्या अ‍ॅसिडची पट्टी ठेवून बघितली का?"

नव्हती बघितली. कुणीच नव्हती बघितली. आमच्या लॅबची रीतच अशी की तुलनेसाठी डिस्टिल्ड वॉटर ठेवायचं. सरांच्या सरांपासूनची रीत. ते लोक चांदी पाण्यात बनवायचे, तेव्हा ते बरोबरच होतं. पुढं आम्ही कायटोसान आणलं, अ‍ॅसिड आणलं, आणि पाणी मात्र तेच ठेवलं. मी ठेवलं, माझ्या आधीच्यांनी ठेवलं, आमच्याकडं बघून अश्विनीनं ठेवलं.

बाई चहा घेऊन निघून गेल्या.

अश्विनी चहाला आली नाही. सेमिनारची साडी नेसलेली, तशीच वर लॅबमध्ये जाऊन तिनं प्लेट लावली. डी-वनचा थर, आणि त्यावर तीन तुकडे. एक आपली पट्टी. एक चांदी आणि झिंक न घातलेली. आणि एक साधा फिल्टर पेपरचा तुकडा, नुसत्या पातळ अ‍ॅसिडमध्ये बुडवलेला.

सकाळी आम्ही चौघं इन्क्युबेटरपुढं उभे. तिनं प्लेट काढली. तीन गोलं, तिन्ही सारखी. सरांनी मोजपट्टी लावून बघितली, मग परत लावून बघितली. तिन्ही सारखीच.

इम्रान म्हणाला, "मतलब इतने दिन अपन सिरका लगा रहे थे?"

सिरका म्हणजे व्हिनेगर. हो बाबा, सिरका. लोणच्यातला.

पुढच्या आठवड्यात तिनं पट्ट्या धुऊन, त्यांच्यातलं सगळं अ‍ॅसिड मारून परत ठेवल्या. गोल आलं, नाही असं नाही. पण नखाच्या कडेएवढं. एवढ्यानं पाय वाचत नसतो.

*

इम्रानचं डोकं फिरलं. त्यानं फ्रिजमधल्या डी-वनच्या सगळ्या नळ्या काढल्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये टाकायला निघाला. म्हणाला, हा हरामखोर मला या इमारतीत नको. वाफेनं शिजवूनच मारतो साल्याला.

इथं एक सांगायला पाहिजे. ज्या जंतूवर काम करायचं, त्याला लॅबमध्ये जपावं लागतं. दर महिन्याला नवीन नळीत, नवीन अन्नावर नेऊन ठेवायचं, नाहीतर तो मरून जातो. सणवार असो, घरात लग्न असो, कुणीतरी येऊन त्याला खायला घालायचंच. डी-वनला अश्विनी खायला घालायची.

तिनं इम्रानच्या हातातल्या नळ्या काढून घेतल्या. जोर लावून, बोटं सोडवून.

"त्याला मरू देऊ नको," म्हणाली. "मला त्यालाच मारायचंय."

इम्राननं नळ्या परत फ्रिजमध्ये लावून दिल्या, क्रमानं.

*

त्या रविवारी मी अश्विनीबरोबर तिच्या गावाला गेले. तिनंच बोलावलं. एकटीला सांगायला जमणार नाही म्हणाली.

दादा ओट्यावरच होते. आईनं चहा केला. अश्विनीनं कप हातात धरून एका दमात सांगून टाकलं. पट्टी जमली नाही, माझी चूक झाली, उद्याच्या उद्या डॉक्टरकडं चला, बोटं काढून घ्या.

दादा हसले. म्हणाले, गाडी ब्रेकडाऊन झाली म्हणून काय पाशिंजर उतरून पायी निघत नसतंय. बसून राहतंय. दुसरी गाडी येती.

तिनं सांगितलं, दादा, ती पट्टी नव्हतीच, नुसता सिरका होता. दादांनी डोकं चालवलं. सिरका तर सिरका, जंतू मेले ना पण?

आता याला काय उत्तर द्यायचं? मीच दिलं. काचेवर मेले, दादा. तुमच्या पायात पू हाडापर्यंत गेलाय. दवाखान्यातल्या सिस्टरनं त्याच अ‍ॅसिडच्या पाण्यानं तुमची जखम कितीतरी वेळा धुतली, विचारा त्यांना. वरून लावून आतलं जात नाही.

दादांनी नाही म्हणून मान हलवली. मग अश्विनी अशी ओरडली की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. "मी नापास झाले, दादा! नापास! तुम्ही माझ्यासाठी पाय घालवू नका!"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. दादांनी बँडेजकडं बघितलं. मग म्हणाले, जयंती व्हऊ दे. मिरवणुकीत चालतो, मग काय कापायचं ते कापा. भीमजयंतीच्या मिरवणुकीत ते लहान होते तेव्हापासून चालत आलेले. ड्यूटी असली तर सुट्टी टाकून चालायचे. आम्ही दोघींनी विनवण्या केल्या, सरांनी फोन केला, इम्रान स्वतः जाऊन पाया पडून आला. नाही ऐकलं.

जयंतीला दादा चालले. इस्त्रीचा शर्ट, निळा फेटा, बँडेजवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, गावाच्या वेशीपासून पुतळ्यापर्यंत. अश्विनी शेजारून चालत होती. तिनं सांगितलं, ते लई खूश होते, आणि पाय दुखत नाही म्हणून सगळ्यांना सांगत होते. दुखणार कसा? पायाला जाणच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. पाऊल काळं पडलेलं. इम्राननं चुलतभावाची गाडी आणली आणि दादांना शहरात आणलं. डॉक्टरांनी बघितलं आणि यावेळी बोटांचं नावसुद्धा काढलं नाही. गुडघ्याखालून म्हणाले.

*

ऑपरेशन झाल्यावर आम्ही भेटायला गेलो. सरसुद्धा आले. सर कधी कुणाच्या घरी जात नाहीत, लग्नाला जात नाहीत, पण आले. हातात मोसंब्यांची पिशवी. शुगरच्या पेशंटला मोसंबी! मी पिशवी त्यांच्या हातातून काढून पलंगाखाली सरकवली.

दादा डोळे मिटून पडलेले. चादर एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला मध्येच सपाट. मी तिकडं बघायचं नाही असं ठरवून गेले होते आणि गेल्या गेल्या तिकडंच बघितलं. इम्रान सलाइनची बाटली बघत उभा राहिला, जशी काही तीच त्याला बघायची होती.

अश्विनी पलंगाच्या पायथ्याशी होती. ऑपरेशन झाल्यापासून ती दादांच्या समोर बसलीच नव्हती म्हणे, पाणी द्यायचं झालं तरी आईच्या हातानं द्यायची. तिनं सरांना तिथंच सांगितलं की ती सोडतेय. शेंद्र्याला एका औषधाच्या कंपनीत क्वालिटीचं काम मिळतंय, एक तारखेपासून जाते. पीएच.डी. नको, पट्टी नको, डी-वनला इम्राननं खुशाल ऑटोक्लेव्हमध्ये टाकावं.

सर तिला समजवायला गेले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, यांनी तरी काहीतरी बोलावं. मलाही काही सुचत नव्हतं, आणि मला न सुचणं म्हणजे विचार करा.

दादांनी डोळे उघडले. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं का नाही, कळलं नाही. त्यांनी हातानं अश्विनीला जवळ बोलावलं. ती आली, पण मान खालीच.

"पट्टी झाली का गं?"

"नाही, दादा."

"मग सोडती कशाला?"

दादांनी चादर बाजूला सारली आणि डाव्या पायाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ह्यो हाय की अजून," म्हणाले. "तू निवांत कर."